दुपट्ट्याखालची दाद

पहिल्या भेटीत त्यांनी माझे दात पाहिले. तोंड उघडा असं काही म्हणाले नाहीत. मी ओळखीचं हसलो, तेव्हा त्यांनी नजर माझ्या ओठांच्या आत घातली आणि जरा जास्तच वेळ तिथे ठेवली. मग शेजारी बसलेल्या माळीबुवांना म्हणाले, "सहा दाती हाये. चालन."

सहा दाती म्हणजे जोताला लावण्याजोगा, पण अजून सगळे दात पुरते न आलेला बैल. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो, मराठीचा एम.ए. होतो, आणि परतवाड्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर लागून मला तीन आठवडे झाले होते. यातलं काहीही न विचारता माणसाचं वय आणि उपयोग ठरवणारी ही पहिलीच निवड समिती मला भेटत होती. पुढे अमरावतीला येईपर्यंत मी बऱ्याच निवड समित्यांपुढे बसलो. इतका कमी वेळ कुणी घेतला नाही, आणि इतका बरोबर निर्णयही कुणी दिला नाही.

ते बैलांचे दलाल. परतवाड्यापासून पार अकोल्यापर्यंतच्या बाजारांत त्यांनी चाळीस वर्षं सौदे जुळवले होते. ट्रॅक्टर वाढले, बैल कमी झाले आणि गुडघे बोलू लागले, तेव्हा ते अचलपुरातल्या आपल्या घरी बसले आणि तिथे कवितांचा बाजार भरवू लागले. 'बाजार' हा शब्द त्यांचाच. दर शुक्रवारी दुपारी चारला, पुढच्या पडवीत, सतरंजीवर. मी तिथे गेलो तो उत्सुकतेने नाही. भाड्याची खोली शोधत होतो, खोली काही मिळाली नाही, शुक्रवार मात्र लागला.

बैलाचा सौदा तोंडाने होत नाही. घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या हातांवर दलाल आपल्या खांद्यावरचा दुपट्टा टाकतो आणि त्याखाली बोटं धरून, दाबून भाव सांगितला जातो. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. भाव पटण्यासारखा असेल तर हात तसाच राहतो. अपमानाचा वाटला तर माणूस दुपट्ट्याखालून हात काढून घेतो. ही बाजारातली सगळ्यात मोठी शिवी. ती न बोलता दिली जाते, यात तिची सारी प्रतिष्ठा.

कवितेचाही न्याय तोच. वाचून झालं की कुणी बोलायचं नाही. दलाल एकेकाच्या मांडीजवळ सरकत, दुपट्टा टाकत, आणि आपण त्यांची बोटं धरायची. एक बोट म्हणजे ही कविता रस्त्यात भेटली तर ओळख द्यायला हरकत नाही. तीन म्हणजे मुक्कामाला ठेवू. पाच म्हणजे घरच्या गोठ्यात बांधायची, कुणी कितीही मागितली तरी सोडायची नाही. कुणी किती बोटं दिली हे ते कधीही सांगत नसत. सगळ्यांचे हात वाचून झाले की एवढंच म्हणत, "सौदा झाला," किंवा "पुढचा सोडा." लाजेने, भिडेने किंवा शेजाऱ्याचं पाहून दाद द्यायची सोयच त्यांनी ठेवली नव्हती. मराठी साहित्याच्या कुठल्याही व्यासपीठावर ही पद्धत लागू केली, तर पहिल्याच दिवशी किती खुर्च्या रिकाम्या होतील, याचा हिशोब मी अनेक भाषणं ऐकताना मनातल्या मनात केला आहे.

चाळीस वर्षं ते असे हात वाचत आले. एकच हात त्यांना वाचता येईना, आणि त्या एका हातासाठी शेवटी माझी एक कविता कामाला आली. पण ती आधी वाईट ठरावी लागली.

त्यांचा माल एका पत्र्याच्या पेटीत असे. रद्दीवाल्याकडून आणलेली शाळेची जुनी क्रमिक पुस्तकं, तीनचार पिढ्यांची. प्रेमाच्या, दुःखाच्या, पानाफुलांच्या ज्या ज्या जुन्या कवितांनी आणि गोष्टींनी मराठी मुलांना परीक्षेत छळलं, त्या सगळ्या त्या पेटीत गुण्यागोविंदाने राहत होत्या. प्रत्येकीखालच्या कवीच्या नावावर त्यांनी पिठाच्या खळीने कागदाची पट्टी चिकटवली होती. मी विचारलं, "दादाजी, नावं कशाला झाकता?"

"मालकाचं नाव पाहून बैल घेतला ना सर, तं औताले मंग मालकालेच जुंपा लागते."

आम्ही चौघे. ते, मी, माळीबुवा आणि एक निवृत्त मुख्याध्यापक. माळीबुवांची फुलशेती होती. निसर्गकवितांची तपासणी त्यांच्याकडे. एका सुंदर कवितेत कवीने थंडीतली शेवंती आणि उन्हाळ्यातला मोगरा एकाच सकाळी, एकाच अंगणात फुलवले होते. माळीबुवा हळूच म्हणाले, "ह्याच्या वावराचा पत्ता भेटन का?" मुख्याध्यापकांची अडचण वेगळी होती. आयुष्यभर ते पहिल्या रांगेत बसून 'वा' म्हणत आले होते, आणि इथे 'वा' ला बंदी. तंबाखू सोडलेल्या माणसासारखे ते सुरुवातीचे काही शुक्रवार कासावीस असत. एकदा गोष्ट अर्ध्यावर असतानाच त्यांच्या तोंडून 'वा' निसटलं. दलालांनी पुस्तक मिटलं.

"गुरुजी, बैल अजून गाडीतून उतरला नाई."

"पण तो शब्द किती..."

"शब्द नाई, शिंग दिसलं तुमाले. बाकीचा बैल येऊ द्या."

सौदा झाल्यावर खोडीची फेरी. प्रत्येकाने त्या कवितेची एक खोड सांगायची, आवडलेल्या कवितेची तर सांगायचीच. "बिनखोडीचा बैल पाह्यला का कोनी? लग्न जमवतानीच फक्त भेटते तसा." दुःखाच्या गोष्टींवर त्यांचा जीव होता. बहिणीचं उसनं आणलेलं जातं बैलगाडीत घालून परत करायला निघालेल्या बाईची एक गोष्ट होती. वाटेत तिला कळतं की बहीण गेली. आता जातं द्यायचं कुणाला? ही गोष्ट ऐकताना ते उघड रडत आणि त्याच दुपट्ट्याने डोळे पुसत. मी एकदा मुद्दाम विचारलं, की पाच बोटं असतील ना हिला? खवळले.

"रडलो म्हनून पाच? कांदा कापतानी बी रडतो मी. कांद्याले पाच द्यू का?"

प्रेमाच्या कवितांशी त्यांचं पटत नसे. "नवा गोऱ्हा हाये. पयल्या दिशी सारेच उधळतात. सातव्या वर्षी चढावर गाडी वढते का, थे सांगा." सातव्या वर्षाबद्दलच्या प्रेमकविता मराठीत फारशा नाहीत, असं मी अभ्यासपूर्वक सांगितलं. "मंग लग्न कोन करून राह्यलं इथं?" असं म्हणून त्यांनी आतल्या दाराकडे पाहून हाक मारली, "काय वं, चहा होते का आज?"

आतून उत्तर आलं, "कविता संपली का? मंग होते."

आतला आवाज काकूंचा, म्हणजे दलालांच्या बायकोचा. पडवी आणि स्वयंपाकघर यांच्यात एक भिंत होती आणि दाराला पडदा. दर शुक्रवारी त्या पडद्याआड भाजी निवडत, तांदूळ पाखडत, आणि कविता संपल्याबरोबर, एक मिनिट आधी नाही की नंतर नाही, चहा घेऊन येत. आम्ही कप घेत होतो आणि खोडी काढत होतो. त्यांच्या हातावर दुपट्टा टाकावा, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. दाद देण्याच्या इतक्या न्यायी पद्धतीत ही एवढी खोड होती, आणि खोडीच्या फेरीत ती कुणी सांगितली नाही.

आमच्या कॉलेजात एकदा पुण्याहून एक समीक्षक आले. शाल-श्रीफळ झालं, आणि मग त्यांनी काव्याच्या आस्वादप्रक्रियेवर एक तास दहा मिनिटं बोलून मुलांना त्या प्रक्रियेपासून कायमचं वाचवलं. जेवणानंतर त्यांना 'इथलं काही अस्सल' बघायचं होतं. मी त्यांना अचलपूरला नेलं. दलालांनी मेलेल्या नवऱ्याच्या चपलांवरची आठ ओळींची एक कविता वाचली आणि दुपट्टा घेऊन पाहुण्यांजवळ सरकले.

"कवी कोण?" समीक्षकांनी विचारलं.

"तेच तं झाकलं साहेब."

"पण काळ, परंपरा, प्रभाव... संदर्भाशिवाय मत कसं देणार?"

"मत नोको. बोट द्या."

पाहुण्यांनी ज्योतिष्याला द्यावा तसा हात दिला. दुपट्ट्याखाली बराच वेळ काहीतरी चाललं, किंवा चाललं नाही. दलाल मागे सरकले आणि म्हणाले, "पुढचा सोडा." पाहुणे गेल्यावर मुख्याध्यापकांना राहवेना. "काय म्हणाले हो?" नियम मोडून दलाल तेव्हा एकदाच बोलले, "हात लय मऊ हाये. पन आतमधी कोनी घरी नव्हतं."

पुढे त्या समीक्षकांचा एका दिवाळी अंकात लोकपरंपरेतल्या आस्वादावर लेख आला. त्यात दुपट्टा होता, आम्ही नव्हतो.

हा किस्सा मी लोकांना फार चवीने सांगतो. त्यानंतर महिन्याभरात मी स्वतः काय केलं, ते मात्र गाळतो. नावावर पट्टी असते याचा मी फायदा घेतला. माझी एक कविता जुन्या टायपात छापून, कागदाला चहाचं पाणी लावून पिवळा केला, खाली पट्टी चिकटवली आणि पेटीतल्या सगळ्यात वरच्या पुस्तकात सरकवून दिली. कविता आकाशावर होती. पहिली ओळ होती, 'हे व्यथित व्योमा, तुझ्या विदीर्ण वेदनेच्या वेशीवर मी विरघळतो'. पुढच्या एकवीस ओळींतही 'व' ने मला अंतर दिलं नव्हतं.

ती वाचण्याचा मान माझ्याकडेच आला, कारण जोडाक्षरं जास्त होती. मी जीव ओतून वाचली. आतली विळी थांबल्याचं मला ऐकू आलं, आणि मी मनात म्हटलं, काकूंनाही भिडली. दलाल माझ्याजवळ सरकले. दुपट्टा पडला. मी त्यांच्या हाताची चार बोटं धरली, पाच धरायला तेवढी लाज वाटली. आणि त्या माणसाने, ज्याने चाळीस वर्षं दुसऱ्यांचे हात एकमेकांत धरून ठेवले होते, माझ्या हातातून आपला हात काढून घेतला.

मग खोडीची फेरी आली.

"ह्या मानसाले दुःख कशाचं हाये, सर?" दलालांनी विचारलं.

"आकाशाचं," मी म्हणालो.

"आकाशाले काय झालं?"

मी कागदाची मागची बाजू पाहू लागलो. माळीबुवा मदतीला आले. "आभाळ आलं असन."

दलाल म्हणाले, "हंबरते जोरात. पन गोठ्यात जाऊन पाहा, तं बैलच नाई."

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. सगळ्यांना कप दिले. माझ्यापुढे आल्यावर थांबल्या, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि डाव्या हाताची बोटं जुळवून तोंडाशी नेत हळू आवाजात म्हणाल्या, "सर, तुमी जेवले की नाई आज?"

मी खरोखरच जेवलो नव्हतो. कविता पिवळी करण्यात दुपार गेली होती. त्यांनी मला आत नेऊन ज्वारीची भाकरी आणि ठेचा वाढला आणि समोर बसून राहिल्या. कविता कुणाची, हा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. त्या घरात माझ्यावर झालेली ती सर्वांत मोठी समीक्षा, आणि तिला तोंडी लावायला ठेचा होता.

त्यानंतरही मी शुक्रवार चुकवला नाही. दलालांनी तो कागद मला परत दिला नाही आणि पेटीतून काढलाही नाही. एकदा सहज म्हणाले, "ठेवला हाये. बाजारात एक तरी बैल असा पाह्यजे, ज्याच्याजोळ बाकीचे उभे केले का बरे दिसतात."

दोन वर्षांनी मला अमरावतीला नोकरी लागली. महिन्यातून एखाद्या शुक्रवारी बसने जायचो. मग एका पावसाळ्यात काकूंना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. त्यांना अमरावतीच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा मी रोज संध्याकाळी जात होतो. दलाल खाटेजवळच्या स्टुलावर बसलेले असत, दुपट्टा मांडीवर घडी केलेला. अकोल्याला दिलेली मुलगी येऊन राहिली होती. डॉक्टर म्हणाले, जीवावरचं टळलं. पण त्यांना आपलं बोललेलं किती कळतं, कळतं की नाही, हे आत्ताच सांगता येणार नाही. काकू सगळ्यांकडे सारख्याच नजरेने पाहत. भिंतीकडेही.

घरी नेल्यावर बाजार बंद झाला. दोन महिने काही निरोप नाही. मग एका गुरुवारी त्यांचा फोन आला.

"सर, उद्या या. बाजार हाये. आतल्या खोलीत."

मी गेलो. काकू खाटेवर तक्क्याला टेकून बसल्या होत्या. मुलगी पायाशी. माळीबुवा आणि मुख्याध्यापक आधीच येऊन बसले होते, न्हाव्याच्या दुकानात बसावं तसे अवघडून. दलालांनी काही प्रस्तावना केली नाही. पेटी उघडली, जात्याची गोष्ट मला वाचायला दिली, आणि वाचून झाल्यावर खाटेजवळ सरकले. काकूंचा डावा हात हातात घेतला आणि त्यावर दुपट्टा टाकला. त्या घरात, पहिल्यांदा.

खूप वेळ काही नाही. मग दलालांचा चेहरा उजळला. "धरले! तीन धरले!" नियम कधीच मोडला होता.

"दुसरी वाचा." मी पानाफुलांची एक वाचली. पुन्हा तीन. मग एक प्रेमाची वाचली. तीन.

मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, डॉक्टर काय म्हनले होते? हातात काई दिलं का मूठ मिटते. लहान लेकरू बी धरते बोट. आईले कळून राह्यलं म्हनून नाई."

दुपट्ट्याखालचा हात दलालांनी सोडला नव्हता. मग आमच्याकडे न पाहता म्हणाले, "चाळीस वर्षं हात वाचले म्या. लबाडाचे वाचले, मुक्याचे वाचले. हिचा वाचता येऊन नाई राह्यला." दुपट्ट्याची कड सारखी करत म्हणाले, "कसा येईन? कधी धरलाच नाई."

मुख्याध्यापक खिडकीबाहेर पाहू लागले. माळीबुवांनी टोपी काढून पुन्हा घातली. दलाल एकदम उठले, पेटीच्या तळात हात घातला आणि एक पिवळा कागद काढून माझ्यापुढे धरला.

"सर, हे वाचा."

"दादाजी, ही नको."

"हेच पाह्यजे. चांगल्या मालाले कोनीही बोट देते. हिले बी तीन भेटले, तं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "मंग पोरगी म्हनते थे खरं."

आयुष्यात मी कविता खूप वाचल्या आणि दर वेळी त्या आवडाव्यात अशी इच्छा धरली. त्या दिवशी ती एकवीस-बावीस ओळींची व्यथा मी हातात घेतली आणि मनोमन म्हणालो, बाई, पाडा मला. आवाज चढवून वाचली, पहिल्या वेळी वाचली होती तशीच, जीव ओतून. एक 'व' सोडला नाही. 'विरघळतो' वर तर थांबलोही.

वाचून झालं. खोलीत पंख्याचा आवाज होता. मी दुपट्ट्याकडे पाहत होतो. दुपट्टा हलत नव्हता. दलालांचे डोळे मिटलेले होते. मुलीने तोंडावर पदर घेतला होता.

आणि मग दुपट्टा हलला. काकूंनी हात काढून घेतला.

निसटला नव्हता. काढून घेतला होता, झटका देऊन, जसा बाजारात काढतात. दुपट्टा खाली पडला. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, नीट, ओळखीने. ओठांचा एक कोपरा हलला, जो हलू शकत होता तो. मग डाव्या हाताची बोटं जुळवून त्यांनी ती सावकाश तोंडाशी नेली, आणि भुवया उंचावल्या.

"काढला!" दलाल ओरडले. "सर, काढला हात! एक बी बोट नाई दिलं! काहून देईन? कोनी शायनं मानूस देईन का?" ते रडत होते, हसत होते, आणि पडलेला दुपट्टा शोधत होते, जो त्यांच्याच पायाखाली होता. मुख्याध्यापक मोठ्याने 'वा' म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांना कुणी अडवलं नाही.

काकूंची बोटं अजून तोंडाशीच होती. त्या उत्तराची वाट पाहत होत्या.

"पोरी, पाहतं काय?" दलाल मुलीला म्हणाले. "सरले वाढ. तुही माय इचारून राह्यली."

मी अमरावतीहून पोटभर जेवून निघालो होतो. तरी बसलो आणि दोन भाकरी खाल्ल्या.